डिझेल आहे का?

जालना जिल्ह्यात रस्त्यावर गाडी बंद पडली की थांबणारा पहिला माणूस "काय झालं?" असं विचारत नाही. तो विचारतो, "डिझेल आहे का?" गाडी पेट्रोलची असली तरी हेच विचारतो. सकाळीच टाकी फुल्ल करून निघालेल्या माणसाला या प्रश्नाचा फार संताप येतो, पण विचारणाऱ्याचं चुकत नाही. आमच्या एमएच २१ च्या कित्येक पिकअपांचा डिझेलचा काटा बंद पडून इतकी वर्षं झालेली असतात, की तो कंपनीने शोभेसाठी दिलाय अशी मालकाची समजूत झालेली असते. टाकीत किती आहे ते बघायच्या आमच्या रीती वेगळ्या. ट्रॅक्टर असेल तर पऱ्हाटीची काडी टाकीत बुडवायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचं. जीप असेल तर मागून दोघांनी गदागदा हलवायची आणि तिसऱ्याने झाकणाला कान लावून आतलं डुबूक-डुबूक ऐकायचं. काडी आत मोडली तर पुढे फिल्टर चोक होतो, पण तेव्हाही थांबणारा हेच विचारतो, "डिझेल आहे का?"

दुसरा प्रश्न, "सेल्फ घेते का?" तिसरा प्रश्न नसतोच. तिथून पुढे निकाल लागायला सुरुवात होते.

बॉनेट वर गेलं की माणसं कुठून येतात हे मला आजवर कळलेलं नाही. अंबड रोडला भर दुपारी, दोन्ही बाजूंना नुसते मोसंबीचे बाग आणि चिटपाखरू नाही, अशा जागी बॉनेट उघडून बघा. पाच मिनिटांत तिघं जण आत डोकं घालून उभे असतात आणि त्यातल्या एकाच्या हातात चहा असतो. यातला जो तो आपल्या धंद्यापुरता आजार ओळखतो. वायरिंगवाला म्हणतो, अर्थिंग गेलं. पंपाचं काम करणारा म्हणतो, नोझल. टायरवाला म्हणतो, अलाइनमेंट करून घ्या. गाडी मुळात चालूच होत नाहीये हे त्याला समजावून सांगावं लागतं. शेतकरी म्हणतो, हवा धरली. आणि ज्याचा गाडीशी काडीचा संबंध नाही, ज्याच्या घरी सायकलही नाही, तो हात मागे बांधून शांतपणे सांगतो, "काही खरं नाही. इंजिन उतरवावं लागतंय."

इंजिन उतरवण्याचा सल्ला देणाऱ्याला कधीच खर्च करायचा नसतो, असं माझं निरीक्षण आहे.

आमच्या गल्लीत एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक तात्या आहेत. ते गर्दीत शिरत नाहीत. गर्दी बाजूला होते. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. चालू इंजिनाच्या अंगाला त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. लोखंडातून आवाज थेट कानात येतो. टॅपेटची टिकटिक, बेअरिंगची घरघर, वॉटर पंपाची कुरकुर, सगळं वेगवेगळं कळतं. ही विद्या खरी आहे, जगभरचे मेकॅनिक वापरतात. अडचण एवढीच की तात्यांनी डोळे मिटले की ते ऐकतायत का झोपलेत, हे ठरवायची हिंमत कुणाला होत नाही. एकदा ते बराच वेळ तसेच उभे राहिले. सगळे श्वास रोखून. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "गाडी बंद करा की आता, डिझेल जळायलंय."

तात्यांच्या खालोखाल मान आहे तो धूर ओळखणाऱ्यांना. हे शास्त्र अगदी सोपं आहे. धूर काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर काढून बघावा. आमच्याकडच्या कच्च्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीच्या फिल्टरमध्ये वाफा करून कांदा लावता येईल एवढी माती निघते. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या किंवा जायच्या वाटेवर आहेत. पांढरा धूर हिवाळ्यात सकाळी थोडा वेळ आला तर काही नाही. इंजिन तापल्यावरही येतच राहिला, आणि वर रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. जाफराबादकडच्या एका पिकअपवाल्याला मी विचारलं, "धूर कोणत्या रंगाचा येतो?" तो म्हणाला, "आधी काळा येत व्हता. आता निळा येतो. फरक पडायलाय, सर."

आता माझं ठाम मत सांगतो. घरच्या घरी सापडणारे बहुतेक दोष बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर असतात. किल्ली फिरवल्यावर नुसतं "टक्" झालं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे लख्ख आणि तरी नुसतं "टक्", तर बहुधा सेल्फमध्ये काहीतरी आहे. यात हॉर्न वाजवून बघण्याचीही एक चाचणी असते. ती आमच्याकडे वेगळी करावी लागत नाही, गाडी बंद पडल्यापासून मागचे आणि पुढचे सगळे वाजवतच असतात, त्यात मालकही असतो.

टर्मिनलवर ती हिरवट-पांढरी बुरशी चढते ना, तिला गॅरेजमध्ये "कार्बन" म्हणतात. तिचा कार्बनशी काही संबंध नाही, ते बॅटरीतल्या गंधकाम्लाचं काम. आमच्या शेजारच्या काकूंनी ती पाहिली आणि क्षणाचाही विलंब न लावता घरातून चिंच आणली. देवाची भांडी, तांब्याचा बंब, समया, आयुष्यभर चिंचेने लख्ख केलेल्या बाईला बॅटरीचं काय? त्यांची दहावीतली नात मध्ये पडली. "आज्जी, आम्लावर आम्ल काय घालतेस, सोडा आण." काकू म्हणाल्या, "सोडा भज्यांत घालतात." पण आणला. खायचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनलवर टाकला, तो फसफसला, जुन्या टूथब्रशने घासल्यावर शिसं उघडं पडलं. वर थोडं ग्रीस लावलं की काम झालं. फक्त टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह सोडायचं आणि लावताना ते शेवटी लावायचं. हा क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि मग गल्लीतली लहान पोरं टाळ्या वाजवतात. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. काकूंनी त्या दिवसापासून नातीला मेकॅनिक म्हणायला सुरुवात केली आहे. सूर मात्र तक्रारीचाच.

बॅटरी उतरलीच असेल तर दुसऱ्या गाडीची वायर जोडून चालू करता येते. इथे एका गोष्टीला जपावं. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, कारचीही १२ ची, चालून जातं. मोठ्या ट्रकमध्ये मात्र १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ट्रकवाले मनाने फार मोठे. औद्योगिक वसाहतीतून सळई भरून निघालेला चालक ऑल्टो बंद दिसली की आपला ट्रक आडवा लावून मदतीला उतरतो. "घ्या साहेब, आपली बॅटरी लई पॉवरफुल आहे." तेच तर भय. त्या पॉवरने ऑल्टोचा कंट्रोल युनिट एका झटक्यात जातो आणि मग गर्दीतला तो हात बांधलेला मनुष्य पुढे येऊन म्हणतो, "मी म्हणलं नव्हतं?"

वायर नसेल तर धक्का. जालन्यात धक्क्याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. रीत साधी: किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला; गाडीने वेग धरला की क्लच सोडायचा. पण ढकलणाऱ्या प्रत्येकाच्या मते क्लच सोडायची वेळ वेगळी असते. "सोड!" "आत्ता नको!" "सोड की लेका!" यात चालक गोंधळून ब्रेक दाबतो आणि ढकलणारे एकामागोमाग डिकीवर आदळतात. ऑटोमॅटिक गाडी अशी चालू होत नाही. हे ज्ञान आमच्या गल्लीतल्या पोरांना एक ऑटोमॅटिक गाडी शनि मंदिरापासून गांधी चमनपर्यंत ढकलत नेल्यावर झालं. मालक आत बसून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होता. त्याचं घरच गांधी चमनच्या बाजूला होतं.

डिझेल गाडीचं दुखणं निराळं. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली किंवा पाइप कुठे सैल झाला की लाइनमध्ये हवा शिरते. मग नंतर कितीही डिझेल ओता, इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. शेतकऱ्याचं "हवा धरली" हे निदान इथे शंभर टक्के बरोबर निघतं आणि ते तो पुढचे सहा महिने विसरू देत नाही. फिल्टरजवळचा बोल्ट थोडा ढिला करायचा, हाताचा छोटा पंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. आमच्या खेड्यांतली सातवी-आठवीतली पोरं हे डोळे झाकून करतात. त्याच पोरांना विज्ञानाच्या पेपरात "द्रवाचा दाब" या धड्यावर शून्य मिळतं.

पण जालन्याच्या गाडीची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. पारा ४२ च्या वर, मंठा रोड, पिकअपमध्ये कागदावर लिहिलेल्यापेक्षा अंमळ जास्त माल, आणि वाटूर फाट्याच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागतो. (हा काटा मात्र चालू असतो. वाईट बातम्यांचे काटे कधी बंद पडत नाहीत.) अशा वेळी एक शास्त्रशुद्ध उपाय आहे. गाडीचा हीटर पूर्ण चालू करायचा. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो, तो इंजिनाची उष्णता ओढून आत सोडतो आणि इंजिन जरा थंड होतं. उपाय बरोबर आहे, यात शंका नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, सासुरवाडीची माणसं मागे बसलेली असताना, खिडक्यांतून गरम झळा येत असताना, हीटर फुल्ल करून "आपल्या भल्यासाठीच आहे" हे पटवून देणं एवढीच अडचण आहे. एका ओळखीच्याने ते केलं. इंजिन वाचलं. मेहुण्याने अजून त्याच्या गाडीत पाय ठेवलेला नाही.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांनाच घाई असते. झाकणाच्या दाबाने आतलं पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास थांबावं, जाड गोणपाट घेऊन उघडावं. आणि पाणी कोणतं घालावं? इथे जालन्याचा इतिहास आडवा येतो. २०१२-१३ च्या दुष्काळात माणसांनाच टँकरने पाणी मिळत होतं, तिथे रेडिएटरला शुद्ध पाणी हवं म्हणणारा माणूस गावाने वाळीत टाकला असता. म्हणून आमच्याकडे बोअरचं पाणी घालायची जी सवय लागली ती लागली. त्या पाण्याने बादलीला, हिटरच्या कॉइलला, नळाच्या तोटीला जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. मग रेडिएटर आतून बुजतो आणि सगळे म्हणतात, कंपनीने माल हलका लावला. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, हे खरं औषध. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, चहाच्या भावात.

रेडिएटर गळत असेल तर घरगुती औषध हळद. हसू नका. मूठभर हळद पाण्यात गेली की फिरता फिरता बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते. ती हळद नंतर जिथे नको तिथेही जाऊन बसते, हे मात्र हळद सुचवणारा सांगत नाही. डिझेलच्या टाकीला चीर गेली तर कपडे धुण्याचा साबण मळून लावायचा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून टिकतो. पाऊस आला की पाण्यात विरघळतो. पण आमच्या जिल्ह्यात पावसाची एवढी भीती कुणी बाळगत नाही.

थर्मोस्टॅट नावाच्या पुर्ज्याची आमच्याकडे जी हेळसांड होते तिला तोड नाही. इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं हे त्याचं काम. तो बंद अवस्थेत अडकला की गाडी तापते, आणि आमचे उस्ताद तो बदलत नाहीत, काढून फेकतात. "साब, ये बरफवाले मुल्क का पुर्जा है. जालने में इसका क्या काम?" युक्तिवाद इतका बिनतोड वाटतो की मान डोलवावी. पण थर्मोस्टॅट काढला की इंजिनाला धग धरायला वेळ लागतो, नव्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन गारच आहे असं समजून जास्त इंधन सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. मग आपण ॲव्हरेज का पडलं हे विचारायला उस्तादांकडेच जातो. नवा थर्मोस्टॅट बसवा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "पार्ट कल संभाजीनगर से आएगा." साठ किलोमीटरवरून येणाऱ्या या पार्टाला कधीकधी एवढा वेळ लागतो की तो चालत निघाला असावा.

पावसाळ्यात उंदीर. बियाण्यांचं गाव आमचं, गोदामं भरपूर, त्यामुळे उंदीरही खाऊन-पिऊन सुखी. तरी उबेसाठी ते बॉनेटखालीच येतात आणि वायरी कुरतडतात. यावर सर्वमान्य उपाय तंबाखूचा: पुडी फोडून पानं इंजिनाच्या कोपऱ्यात पसरायची, वासाने उंदीर येत नाही म्हणतात. आमच्या समोरच्यांनी हा प्रयोग केला. उंदीर काही थांबला नाही, उलट रोज वेळेवर यायला लागला.

आता नवी पिढी कान लावत नाही, यंत्र लावते. चालकाच्या गुडघ्याजवळ स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात काडेपेटीएवढा स्कॅनर खोचायचा, मोबाईलला जोडायचा, की गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगते. पुतण्याने तो ऑनलाइन मागवला. चार शेजारी, दोन स्टुलं, मध्ये मोबाईल. स्क्रीनवर आलं: पी ०३००. इंटरनेटवर पाहिलं तर अर्थ असा, की इंजिनाचे सिलिंडर अधूनमधून ठोका चुकवतायत, पण नेमका कोणता ते सांगता येत नाही. "कुठंतरी काहीतरी झालंय" हे गर्दीने आम्हांला आधीच सांगितलं होतं, आणि फुकट. तरी स्कॅनर घ्यावा असंच मी म्हणेन. सेन्सर गेला की वायर तुटली, एवढं तरी कळतं आणि इंजिन उतरवणाऱ्यांना दाखवायला कागद होतो. नाहीतर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की त्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवणं हाच उपाय इथे सर्रास चालतो. दिवा दिसेनासा होतो. दोषही, मालकाच्या दृष्टीने.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या सक्तीच्या झाल्या आणि बहुतेक सगळ्याच मोठ्या ट्रकांना धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागायला लागलं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. चालक त्याला नुसतं "युरिया"च म्हणतात. आमच्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यात हा शब्द ऐकून एकाच्या डोळ्यांत चमक आली: पोतं घरात पडलंय, पाणी बोअरचं आहे, विकत कशाला घ्यायचं? शेताचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचं तेल लावून येतो, आणि बोअरचं पाणी काय करतं ते वर सांगितलंच. त्या घरगुती मिश्रणाने धूर साफ करणारी महागडी यंत्रणा बसते. कापसाला तो युरिया घालावा, ट्रकला नको.

टायरच्या बाबतीत मात्र मी विनोद करत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी चालू झाला, २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. सिमेंटचा सरळ रस्ता, ऊन आणि वेग. "उन्हात हवा वाढते, म्हणून कमी भरा" हा सल्ला तिथे जाणाऱ्यांना हमखास मिळतो, आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा सकाळी, टायर गार असताना भरावी. ट्रकवाले लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखतात. तो सराव ज्यांना आहे त्यांनाच शोभतो, बाकीच्यांनी गेज घ्यावा. तसंच ब्रेक आणि स्टिअरिंग यांना तार, साबण, हळद, एम-सील काही लावू नये आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नये. तात्यासुद्धा शिरत नाहीत.

उरलेलं सगळं घरी करा, खुशाल. बंद पडली तर आधी टर्मिनल हाताने हलवून बघा, मग फ्यूज, मग फिल्टर. पण बघून झालं की बॉनेट ताबडतोब लावून टाका. उघडं दिसलं की इंजिन उतरवणारे येतात.